थ्रीएम व्हीएचबी ५९५२: स्क्रू न दिसता ॲक्रिलिकची पाटी लावायची तर

कृषी केंद्र असो, मेडिकल असो की कापडाचं दुकान, नवी पाटी लावताना मालकाचा हट्ट एकच: समोरून एकही स्क्रू दिसता कामा नये. त्यासाठी हल्ली सर्रास मागितली जाते ती व्हीएचबी टेप. काळी, १.१ मिमी जाड, दोन्ही बाजूंनी चिकटणारी, वर लाल प्लास्टिकचं अस्तर. निकाल आधीच सांगून टाकतो: एसीपीवर (दोन पातळ ॲल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेलं पॅनेल) लावणार असाल तर डोळे मिटून विकत घ्या. डिस्टेंपरच्या भिंतीवर थेट लावणार असाल तर पैसे वाचवा.

पहिला प्रश्न उन्हाचा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा पश्चिमेकडे तोंड केलेली काळी पाटी ६०-६५ अंशांपर्यंत सहज तापते. ही टेप ९३ अंशांपर्यंत सतत आणि थोड्या वेळासाठी १४९ पर्यंत टिकते. म्हणजे ऊन तिला मारत नाही. पडलेली पाटी उलटी करून बघा. टेप पाटीला घट्ट धरून असते आणि तिच्यावर भिंतीच्या रंगाचा पापुद्रा, कधी गिलाव्याचा चुरा असतो. टेपनं तिचं काम केलेलं असतं, रंगानं भिंत सोडलेली असते. चुना, डिस्टेंपर, सिमेंट पेंट, रेड ऑक्साइड मारलेला पाइप, सगळ्यांची गत तीच.

म्हणून आधी बूड पक्कं करायचं. एक इंची चौकोनी पाइपची चौकट भिंतीला गिट्टी (भोकात ठोकायचा प्लग) आणि स्क्रूनं बसवायची, तिच्यावर एसीपी, आणि एसीपीवर टेपनं ॲक्रिलिक. स्क्रू असतात, पण ॲक्रिलिकच्या मागे झाकले जातात. इथे एक चूक इतकी नेहमीची आहे की हसू येतं: एसीपीवरचं संरक्षक प्लास्टिक न काढताच टेप लावलेली असते. तीच गोष्ट ॲक्रिलिकच्या मागच्या कागदाची. आणि पारदर्शक शीटला मागून व्हिनाइल (रंगीत स्टिकर) लावलं असेल तर टेप व्हिनाइलला चिकटते, शीटला नाही. पाटीचा सगळा भार त्या पातळ व्हिनाइलच्या गोंदावर येतो. टेपच्या पट्ट्यांखालचं व्हिनाइल कापून काढा, पण मग काळी पट्टी समोरून दिसते. त्यापेक्षा रंगीत, अपारदर्शक शीट घेतलेली बरी. मागून एलईडी देणार असाल तर दुधी शीटवर टेपची सावली पडते, तिथे ही टेप फक्त कडेच्या पट्टीपुरतीच वापरा.

आता हिशेब. ॲक्रिलिकची घनता १.१९ ग्रॅम प्रति घन सेंमी. सहा फूट बाय दोन फूट, ४ मिमी जाड पाटी म्हणजे साधारण ५.३ किलो. दर किलोला ५५ चौ.सेंमी टेप हा नियम धरला तर २९० चौ.सेंमी लागते. १२ मिमी रुंद टेपच्या ५५ सेंमीच्या सात उभ्या पट्ट्या, म्हणजे दर फुटाला एक, लावल्या की ४६० चौ.सेंमी होतात. एवढं हाताशी राखलेलं बरं, कारण अवकाळीच्या आधी जी वावटळ सुटते ती पाटी मागून उचलते. पट्ट्या उभ्याच लावा. आडव्या लावल्या तर मागे शिरलेलं पाणी आणि कापसाच्या जिनिंगचा फुफाटा तिथेच साचून बसतो.

लांबीचा मुद्दा वजनापेक्षा मोठा आहे आणि तो फारसा कुणी बघत नाही. ॲक्रिलिक एका मीटरला दर अंशामागे ०.०७ मिमी पसरतं, एसीपी त्याच्या साधारण एक तृतीयांश. डिसेंबरच्या पहाटेचे १० अंश ते मे महिन्याच्या दुपारची ६०, एवढ्या फरकात सहा फुटांची शीट ६.४ मिमी बदलते, मागचा एसीपी २.२. उरलेले ४.२ मिमी दोन टोकांना वाटले की प्रत्येकी २.१. ही टेप आपल्या जाडीच्या तिप्पट, म्हणजे ३.३ मिमीपर्यंत सरक सोसते. तेव्हा सहा फूट आरामात, आठ फूट काठावर. दहा फुटांच्या शटरवर एकसंध पाटी केली तर टोकं ३.५ मिमीपर्यंत सरकतात आणि टेप कोपऱ्यापासून सुटू लागते. दोन तुकडे करा, मध्ये ५ मिमी फट ठेवा. सकाळी २५-३० अंशांत लावली तर ताण दोन्हीकडे सारखा वाटला जातो.

लावताना दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि पाणी अर्धं-अर्धं मिसळून पुसायचे. थिनर, पेट्रोल, ॲसिटोन ॲक्रिलिकला लावू नका. लेझरनं कापलेल्या कडेत ताण साठलेला असतो. तिथे अल्कोहोलचा ओला बोळा फिरवला तरी कधीकधी कडेतून केसासारख्या बारीक चिरा आत धावतात. बोळा पिळून घ्या, कडेपासून आत ठेवा. मग टेपच्या पट्ट्या लावायच्या, अस्तराचं दोन इंचाचं टोक वर काढून बाहेर दुमडायचं, पाटी ओळंब्यावर धरायची आणि टोकं ओढत न्यायची. साबणपाणी मारून सरकवत जुळवायची युक्ती इथे चालत नाही, ती व्हिनाइलची आहे. एकदा टेकली की सरकत नाही. रोलरनं दर चौ.सेंमीला किलोभर दाब द्या. २० मिनिटांत निम्मी पकड येते, एका दिवसात ९० टक्के, पूर्ण ७२ तासांनी. तोवर खाली लाकडी टेकू असू द्या. १० अंशांखाली लावू नका.

देवनागरीत एक वेगळी गंमत आहे. महाराष्ट्राच्या दुकाने-आस्थापना कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर छोट्या दुकानांनाही मराठी नाव आधी आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत लावावं लागतं, त्यामुळे कापीव अक्षरांची मागणी वाढली. शिरोरेषेमुळे आख्खा शब्द एकाच तुकड्यात निघतो, लावायला सोपं. पण 'केंद्र'मधला अनुस्वार सुटा राहतो. वीस मिमीची टिकली, वजन जेमतेम ग्रॅमभर, तिच्यामागे टेपचा एक छोटा चौकोन. वजनानं ती पडत नाही, बोटाचं तेल लागलेल्या टेपमुळे पडते. कटिंगवाल्याला सांगून टिंब मात्रेला बारीक पुलानं जोडून घ्या. अक्षराच्या कडेपासून टेप ३ मिमी आत ठेवा, नाहीतर खालून काळी रेघ दिसते.

भिंतीवरच थेट अक्षरं हवी असतील तर टेप सोडा. अक्षराच्या मागे ४ मिमीच्या ॲक्रिलिक दांड्याचे तुकडे क्लोरोफॉर्मनं चिकटवा (उघड्यावर, पंखा पाठीमागे ठेवून), कागदी छाप्यावरून भिंतीत ६ मिमीची भोकं पाडा आणि न्यूट्रल सिलिकॉन भरून दांडे आत ढकला. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन घेऊ नका, सिमेंटच्या गिलाव्यावर ते धरत नाही आणि लोखंडाला गंज आणतं. मोठ्या शीटमागे सिलिकॉन सपाट फासू नका, हवेतली ओल मधोमध पोहोचत नाही आणि आतलं महिनोन्महिने ओलंच राहतं.

लाल अस्तर पाहून भुलू नका, स्वस्तातल्या फोम टेपलाही तेच असतं. टेपचा तुकडा ताणून बघा. अस्सल च्युइंगगमसारखी लांबते, नकली पावासारखी तुटते. किंमत साध्या टेपच्या कितीतरी पट आहे, हा एक तोटा. दुसरा म्हणजे काढणं. पाटी बदलायची वेळ आली तर सळईनं उचकटू नका, शीट तडकते. मासेमारीची तंगूस दोन टोकांना काडीला बांधून मागून करवतीसारखी ओढत आणा. राहिलेला गोंद अंगठ्यानं चोळला की गोळ्या होऊन निघतो.