गाडी मिसिंग करते, पिकअप जातो: आधी कॉइल-प्लग की आधी पंप-फिल्टर?

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांना टेकला, की ही तक्रार ठरलेली. सकाळी गाडी झकास. दुपारी चाळीसगाव सोडून कन्नड घाट चढायला घेतला की मधेच झटके, मधेच ताकद गायब, आणि गॅरेजला नेईपर्यंत पुन्हा सगळं ठीक. एक फिटर म्हणतो, "कॉइल टाकून बघू." दुसरा म्हणतो, "पंप गेला, नवा बसवा." दोघांचंही खरं असू शकतं. खिसा मात्र तुमचा आहे, म्हणून कुठल्या बाजूला आधी हात घालायचा ते नीट ठरवायला हवं. पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांपुरतं बोलतो, डिझेलचं शेवटी.

दोन्ही बाजूंत मुळातला फरक असा. प्लग सिलिंडरमध्ये ठिणगी पाडतो आणि कॉइल त्याला त्यासाठी व्होल्टेज देते; पंप टाकीतलं पेट्रोल फिल्टरमधून इंजिनकडे ढकलतो. प्लगच्या ठिणगीला सिलिंडरमधला दाब जड जातो. पंपाला जड जातं ते इंजिन मागेल तेवढं पेट्रोल पुरवणं. हे एवढं ध्यानात ठेवलं तर निम्मं निदान गाडी चालवताना होतं.

दाब सर्वात जास्त कधी असतो? वरचा गिअर, कमी वेग आणि पाय दाबलेला असताना. चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर खोल दाबा. गाडी तुटक, ठसठशीत झटके मारत असेल, आणि दुसऱ्या गिअरमध्ये घेतल्यावर त्याच चढावर गुपचूप चढत असेल, तर संशय कॉइल-प्लगवर घ्या. पेट्रोल सर्वात जास्त कधी लागतं? खालच्या गिअरमध्ये, आरपीएम वर नेऊन, लांबच्या चढावर किंवा ओव्हरटेक करताना. नवापूरकडून कोंडाईबारी घाट चढताना केळीच्या ट्रकला ओलांडायला पाय दाबला आणि गाडी झटका न देता हळूहळू मऊ पडत गेली, पाय थोडा सोडल्यावर सावरली, तर पंप, फिल्टर किंवा टाकीतली जाळी बघा.

उन्हाचा त्रास दोघांनाही होतो. कॉइल तापली की आतल्या वायरचं इन्सुलेशन दगा देतं आणि थंड झाल्यावर ती पुन्हा काम करते; म्हणूनच गॅरेजमध्ये दोष सापडत नाही. पंप टाकीत बुडलेला असतो आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. काटा रिझर्व्हला टेकवून भर दुपारी फिरणारे लोक स्वतःच्या हाताने पंपाचं आयुष्य कमी करतात. बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या पुष्कळ गाड्यांत गॅसवर चालतानाही पेट्रोल पंप फिरतच असतो, त्यामुळे "गॅसवरच तर चालवतो" म्हणून टाकी कोरडी ठेवणं सर्वात वाईट.

सीएनजीवाल्यांच्या हातात मात्र एक फुकटची चाचणी आहे, आणि ती न करता कुणी पंप बदलायला सांगत असेल तर मला ते पटत नाही. त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये गाडी एकदा पेट्रोलवर चालवा, एकदा गॅसवर. फक्त पेट्रोलवर मऊ पडते आणि गॅसवर नीट ओढते, तर पंप किंवा पेट्रोलचे इंजेक्टर (इंजिनमध्ये पेट्रोल फवारणारे). दोन्हीवर झटके, तर कॉइल, प्लग किंवा हवेची बाजू. फक्त गॅसवर झटके, तर गॅसचा फिल्टर आणि गॅसचा दाब कमी करणारा रेग्युलेटर तपासाच, पण आधी प्लग काढून बघा. गॅस पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून प्लग-कॉइलचं दुखणं पेट्रोलच्या आधी गॅसवर उघडं पडतं.

आता खर्च. इथे माझं मत स्पष्ट आहे: कौल स्वच्छ मिळाला नाही, तर सुरुवात कॉइल-प्लगपासून करा. साधे प्लग काही शे रुपयांत येतात, आणि कॉइलची खात्री तर एक रुपया न घालवता होते. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल आणि स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारं यंत्र) पी ०३०१ कोड आला, तर मिसिंग, म्हणजे पेट्रोल नीट न पेटणं, पहिल्या सिलिंडरमध्ये आहे. पहिल्याची कॉइल तिसऱ्यावर चढवा, कोड पुसा, गाडी तापवून पुन्हा चालवा. कोड पी ०३०३ झाला, तर दोषी तीच कॉइल. पी ०३०१ तसाच राहिला, तर कॉइल सुटली. आता प्लगची अशीच अदलाबदल, मग इंजेक्टर. ब्लूटूथवाला साधा स्कॅनर मोबाइलला जोडूनही हे कोड दिसतात. इंजिन प्रेशरने धुतल्यावर किंवा पहिल्या पावसानंतर झटके सुरू झाले असतील, तर आधी प्लगच्या खोबणीत पाणी साचलंय का ते बघा.

पंपाचं तसं नाही. तो महाग, आणि अदलाबदल करून बघता येत नाही. त्याला एकच प्रामाणिक चाचणी: फ्युएल प्रेशर गेज, म्हणजे पेट्रोलचा दाब मोजणारा मीटर. साध्या एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) गाड्यांत दाब साधारण ३ ते ४ बार असतो. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो. स्कॅनरवर पी ०१७१ कोड, म्हणजे मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), आला तर पंपाबद्दलचा संशय वाढतो. पण कुठूनतरी जादा हवा ओढली जात असली तरी हाच कोड येतो. म्हणून गेज लावल्याशिवाय पंपाला होकार देऊ नका, आणि तेही इंजिन पूर्ण तापलेलं असताना. सकाळच्या गारव्यात घेतलेला आकडा इथल्या उन्हाळ्यात काही कामाचा नाही.

दुरुस्ती लांबवण्याची किंमतही दोन्हीकडे वेगळी आहे. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातंय आणि तिथे पेटून धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतंय. तो वितळून तुंबला की पिकअप कायमचा जातो आणि खर्च कॉइलच्या कितीतरी पट होतो. अशी गाडी तशीच चालवत धुळ्यापर्यंत नेऊ नका. पंप सहसा असं दुसरं काही बिघडवत नाही, पण एक दिवस तोरणमाळच्या वाटेवर गाडी उभीच करतो. लहान मुलं, म्हातारी माणसं घेऊन रात्री सातपुड्यात जायचं असेल, तर पंपाच्या नुसत्या संशयावरही आधी गेज लावून घ्या.

डिझेल गाडीत ठिणगीचा प्रश्नच नाही. तिथे डिझेल फिल्टर, त्यात साचलेलं पाणी आणि टर्बोचा फाटलेला पाइप हे आधी बघायचे. आणि गाडी फक्त जागेवरून उचलताना थरथरत असेल, एकदा चालू लागल्यावर ताकद पूर्ण असेल, तर यातलं काहीच नाही. क्लच किंवा इंजिन माउंटिंग दाखवा.

एक खूण राहिली. चालत्या गाडीत क्षणभर इंजिन मेल्यासारखं झालं आणि त्याच वेळी आरपीएमचा काटा झटकन शून्यावर पडला, तर कॉइलही सोडा, पंपही सोडा. क्रँक सेन्सर (इंजिन किती वेगाने फिरतंय ते सांगणारा) आणि त्याची वायर तपासायला सांगा. तोही तापल्यावरच रुसतो.