डिस्चार्जनंतरची धडधड आणि कार्डियामोबाइल: कितपत कामाचं?

कोविडने रुग्णालयात दाखल झालेल्यांच्या हृदयाचा धोका डिस्चार्जच्या कागदावर सही झाली की संपत नाही. यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या लाखो लोकांच्या आरोग्यनोंदींच्या साठ्यावरून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, २०२० मध्ये दाखल झालेल्यांना पुढच्या जवळपास तीन वर्षांत हार्ट अटॅक, स्ट्रोक किंवा मृत्यूचा धोका कोविड न झालेल्यांच्या सुमारे चौपट आढळला. ठोक्यांची एक प्रकारची अनियमितता, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, हीसुद्धा अशा रुग्णांत जास्त दिसते. अडचण अशी की ती येते आणि जाते. दवाखान्यातला ईसीजी साधारण दहा सेकंदांचा. धडधड रात्री दोनला झाली तर सकाळी ईसीजीच्या पट्टीवर काहीच सापडत नाही.

अलाइव्हकोर कंपनीचं कार्डियामोबाइल हे घरी वापरायचं छोटं ईसीजी यंत्र इथेच उपयोगी पडतं. त्याच्या दोन धातूच्या पट्ट्यांवर दोन्ही हातांची बोटं ठेवायची, ३० सेकंद हलायचं नाही, की मोबाइलवर एका लीडचा, म्हणजे हृदयाकडे एकाच कोनातून बघणारा, ईसीजी येतो. साधं मॉडेल मोबाइलच्या माइकपर्यंत न ऐकू येणाऱ्या आवाजातून सिग्नल पोचवतं. म्हणून ते फोनजवळच ठेवा, माइक झाकणारं कव्हर काढा आणि टीव्ही बंद करा.

रेकॉर्डिंग बिघडण्याची कारणं बहुतेक वेळा अगदी साधी असतात. कोरडी बोटं आधी किंचित ओली करा. कोपर टेबलावर टेकवा, कारण हात अधांतरी राहिला की स्नायूंची थरथर ईसीजीच्या रेषेत उतरते आणि तीच अनियमित ठोक्यांसारखी दिसते. फोन चार्जिंगला असेल तर काढा. अ‍ॅपमध्ये मेन्स फिल्टर (घरातल्या विजेचा अडथळा गाळणारी सेटिंग) ५० हर्ट्झवर आहे ना, हे आवर्जून बघा. भारतातली वीज ५० हर्ट्झची आहे, ६० निवडलेलं राहिलं तर रेषा केसाळ येते. ‘अनक्लासिफाइड’, म्हणजे निकाल ठरवता आला नाही, असं आलं म्हणून घाबरू नका. नीट बसून पुन्हा घ्या.

आता मर्यादा, आणि त्या मोठ्या आहेत. हे यंत्र हार्ट अटॅक ओळखत नाही. विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज आली आहे का, हृदयाचं पंपिंग किती टक्के आहे, फुप्फुसात गुठळी आहे का, यातलं काहीही त्याला कळत नाही. पंपिंगसाठी टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफीच हवी. तीन पट्ट्यांचं ६-एल मॉडेल डाव्या घोट्यावर किंवा गुडघ्यावर उघड्या त्वचेला टेकवल्यावर सहा लीड देतं, पण छातीवरच्या लीड त्यातही नाहीत. पेसमेकर असलेल्यांनी यातलं कोणतंच मॉडेल वापरू नये. छातीत दुखतंय, बसल्या जागी धाप लागतेय, भोवळ येऊन पडलात, तर ‘नॉर्मल’ निकालावर विसंबून घरी थांबणं धोक्याचं आहे. १०८ ला फोन करा.

उभं राहिल्यावरच धडधड होत असेल तर रक्तदाबाचं यंत्र आधी घ्या. पाच मिनिटं आडवं पडून नाडी आणि रक्तदाब मोजा, मग उभं राहून दहा मिनिटांपर्यंत दर दोन-तीन मिनिटांनी. रक्तदाब फारसा न उतरता नाडी ३० किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहिली, तर तो तक्ता डॉक्टरांना दाखवा.

आमच्या मते अधूनमधून धडधड होणाऱ्या, विशेषतः साठीपुढच्या, रक्तदाब वा मधुमेह असलेल्या रुग्णाला साधं मॉडेल पुरेसं आहे. काहीच त्रास नसेल तर तो पैसा एको, साखर आणि कोलेस्टेरॉलच्या तपासणीवर खर्च करा. ‘पॉसिबल एट्रियल फिब्रिलेशन’ आलं तर रेकॉर्डिंगची पीडीएफ डॉक्टरांना पाठवा, त्यात लक्षण आणि त्या वेळी काय करत होता ते लिहा. रक्त पातळ करणारी गोळी मात्र त्यांनी ईसीजी तपासून सांगितल्याशिवाय सुरू करू नका, आधीपासून चालू असेल तर बंदही करू नका.