कार-टीच्या आधीचे ते चार आठवडे : स्टिरॉइड, रेडिएशन की केमो?

कार-टी उपचारात रुग्णाच्याच टी-पेशी (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढून, कर्करोगाशी लढाव्यात म्हणून बदलून परत चढवतात. त्या प्रयोगशाळेत गेल्या की वाट पाहणं सुरू होतं. त्या पेशी बदलून परत यायला साधारण तीन ते पाच आठवडे लागतात. आधीच्या उपचारांना न जुमानणारा डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा (बी-पेशींचा वेगाने वाढणारा कर्करोग) तेवढा वेळ गप्प बसेलच असं नाही. मानेतली गाठ वाढून गिळणं अवघड होतं, पोटातली गाठ मूत्रवाहिनीवर दाब आणते. म्हणून मधल्या काळात जो उपचार देतात त्याला ब्रिजिंग म्हणतात, आणि तो कोणता घ्यायचा हा प्रश्न घरच्यांसमोर फार घाईत येतो.

इथे 'सगळ्यात जोरदार औषध द्या' असा आग्रह धरू नये, असं माझं ठाम मत आहे. ब्रिजिंगने आजार मुळापासून जाणं अपेक्षित नसतं. पेशी चढवण्याच्या दिवशी रुग्ण तापाविना, जंतुसंसर्गाविना, चालत वॉर्डात यावा, एवढ्यासाठी ते असतं.

काहीच न देणं हाही एक पर्याय आहे. ज्या झुमा-१ चाचणीवरून २०१७ साली अमेरिकेत या आजारासाठी पहिली कार-टी मंजूर झाली, तिच्यात ब्रिजिंगला परवानगीच नव्हती. उलट दुसऱ्या एका कार-टीच्या ज्युलिएट चाचणीत पेशी मिळालेल्या दहांपैकी नऊ जणांनी ते घेतलं होतं. ब्रिजिंग घेतलेल्यांचे निकाल अनेक अभ्यासांत जरा कमी दिसतात, पण ते वाचून घाबरू नका. ज्यांचा आजार आधीच जास्त पसरलेला आणि वेगवान असतो, त्यांनाच ते द्यावं लागतं. गाठी लहान, एलडीएच (आजाराचा जोर सुचवणारी रक्ततपासणी) सामान्य आणि त्रास नसेल, तर थांबणं शहाणपणाचं.

थोडा त्रास असेल तर काही दिवस डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड. ते स्वस्त आहे, गोळीने घेता येतं आणि सूज लवकर उतरते. साखर वाढते, झोप उडते. मधुमेह असलेल्यांनी ग्लुकोमीटर हाताशी ठेवावा. पेशी काढण्याआधी मात्र स्टिरॉइड काही दिवस बंद ठेवावं लागतं, कारण त्याने टी-पेशी कमी होतात. पेशी काढून झाल्यावर ती अडचण राहत नाही. पण वेगाने वाढणाऱ्या आजाराला नुसतं स्टिरॉइड फार दिवस आवरत नाही.

खरी निवड असते ती रेडिएशन आणि केमो यांच्यात, आणि ती आजार कुठे आहे यावरून करावी. एक-दोन ठिकाणीच मोठी गाठ असेल, हाड दुखत असेल किंवा मणक्यावर दाब येत असेल, तर मी रेडिएशनच्या बाजूने आहे. सहसा २० ते ३० ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक), एक-दोन आठवड्यांत उरकतं. केमोला दाद न देणारी गाठही किरणांनी बऱ्याचदा आकसते, आणि मर्यादित भागावर दिलं तर रक्तपेशी फारशा घसरत नाहीत. अडचण वेगळी आहे. प्लॅनिंग स्कॅनला वेळ जातो आणि मग जवळजवळ रोज यंत्रापाशी जावं लागतं. नांदेडहून किंवा कोल्हापूरहून आलेल्या कुटुंबाला मुंबईत त्यासाठी खोली शोधावी लागते. घराजवळच्या केंद्रात सोय असेल, तर दोन्हीकडच्या डॉक्टरांचं आपसात बोलणं करून द्या.

आजार अंगभर पसरलेला असेल तर औषधच हवं. पोलाटुझुमॅब आणि रिटुक्सिमॅब ही लिम्फोमाच्या पेशींवर नेम धरणारी औषधं, कधी त्यांच्यासोबत बेंडामस्टिन ही केमो, अशी जोडणी बऱ्याच ठिकाणी वापरतात. ब्रिजिंगसाठी नव्हे, तर आजार उलटल्यावरचा उपचार म्हणून झालेल्या चाचणीत बेंडामस्टिन-रिटुक्सिमॅबला पोलाटुझुमॅब जोडल्यावर ४० टक्के रुग्णांत आजार पूर्ण दिसेनासा झाला. ते न जोडता १७.५ टक्के. पण बेंडामस्टिन टी-पेशींवर दीर्घकाळ परिणाम करतं. पेशी काढण्यापूर्वी ते शक्यतो टाळावं. नंतर दिलं तरी पांढऱ्या पेशी खाली जाऊन संसर्गाचा धोका वाढतो, म्हणून 'बेंडामस्टिनशिवाय भागेल का?' हे जरूर विचारा. पोलाटुझुमॅबने हातापायांना मुंग्या येतात. आधीच्या केमोने त्या येत असतील तर आधीच सांगा. रिटुक्सिमॅबपूर्वी हिपॅटायटिस बी तपासलेला हवाच, कारण दबलेला विषाणू त्याने उसळी घेऊ शकतो.

ग्लोफिटामॅबसारखी नवी औषधंही काही केंद्रं ब्रिजिंगला वापरतात. ती सीडी-२० या लिम्फोमाच्या पेशीवरच्या खुणेवर काम करतात. नेहमीच्या कार-टीचं लक्ष्य सीडी-१९ ही दुसरी खूण असते, त्यामुळे ते शाबूत राहतं. सीडी-१९ वरच बेतलेलं औषध पुढे आलं तर मात्र डॉक्टरांशी नीट चर्चा करावी.

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून घडलेली नेक्सकार-१९ ही देशी कार-टी एप्रिल २०२४ मध्ये देशाला अर्पण झाली, आणि परदेशापेक्षा खूप कमी खर्चात हा उपचार इथे मिळू लागला. तरीही रक्कम लाखांतच जाते, म्हणून ब्रिजिंगचा खर्च सांगितलेल्या आकड्यात धरला आहे का, हे पहिल्याच भेटीत लेखी घ्या.

एक प्रश्न घरोघरी निघतो : ब्रिजिंगने स्कॅन स्वच्छ आला, तर कार-टी टाळायची का? सहसा नाही. वारंवार उलटलेल्या आजारात अशा औषधांचा परिणाम बहुतेकांत काही महिनेच टिकतो. अशा वेळी पेशी चढवायला उलट सोपं जातं, कारण आजार कमी असताना पेशी चढवल्यावर होणारा ताप आणि रक्तदाब घसरण्याचा त्रासही कमी होण्याची शक्यता असते.