बागकामाचा लेखी करार: ११ महिने वापरल्यानंतर

करार पुण्यातल्या एका गृहनिर्माण सोसायटीचा आणि तिच्या बागकाम ठेकेदाराचा. जमिनीवर २,००० चौरस फूट लॉन, १८० रनिंग फूट हेज, पोडियमवर (पार्किंगच्या छतावर) वाफे, लहानमोठी ४० झाडं आणि ठिबक सिंचन. ५०० रुपयांचा मुद्रांक (ऑक्टोबर २०२४ च्या आधी १०० चा चालायचा), त्यामागे कलमांची सहा पानं आणि शेवटी दोन परिशिष्टं: 'अ' मध्ये मापं आणि साहित्य, 'ब' मध्ये देखभालीचं वेळापत्रक. मे अखेरीस सह्या, जूनमध्ये लागवड. म्हणजे एक पावसाळा, एक हिवाळा आणि एप्रिलमधले टँकर, एवढं या करारानं पाहिलंय.

कलमांची सहा पानं अजून कोरी करकरीत आहेत. परिशिष्ट 'अ' च्या झेरॉक्सच्या कडा मात्र मातीनं काळ्या पडल्यात, कारण जागेवर वाद झाला की तेच उघडलं जातं. जिथे माप लिहिलेलं होतं तिथे वाद पाच मिनिटांत मिटला. जिथे 'उत्तम दर्जाचे', 'निरोगी', 'समाधानकारक' असं होतं तिथे दोन्ही बाजू बरोबर ठरल्या.

सगळ्यात पैसे वसूल कलम मातीचं. कोटेशनवर नेहमी 'सहा इंच माती' एवढंच असतं. २,००० चौरस फुटांवर सहा इंच म्हणजे १,००० घनफूट, १० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). पण डंपरमधून उतरलेली माती भुसभुशीत असते. दोन-तीन जोराचे पाऊस झाले की ती पाचव्या हिश्श्यानं तरी बसते. मग चेंबरची झाकणं वर डोकावायला लागतात आणि लॉनमध्ये डबकी साचतात. इथे शब्द होते, 'पाणी मारून, रोलर फिरवून बसल्यावर सहा इंच'. त्या हिशेबानं साडेबारा ब्रास लागते, आणि ती ठेकेदाराच्या दरातच धरलेली होती. डंपर रिकामा करण्याआधी हौदा टेपनं मोजायचा, हेही लिहिलं होतं. १० बाय ६ फुटांचा हौदा ३ फूट ४ इंच भरला तर २ ब्रास होते. ढीग मधे शिगेला आणि कडेला खाली असतो, म्हणून खोली चारही कोपऱ्यांत बघायची.

त्याच पानावरचं पुढचं वाक्य मात्र फुकट गेलं: 'माती तणमुक्त असावी'. लव्हाळा या तणाच्या गाठी लाल मातीत डोळ्यांना दिसत नाहीत. माती ओली झाली की दोन-तीन आठवड्यांत हिरव्या तुऱ्यांसारखी पाती वर येतात. खुरप्यानं ओढली की पात हातात येते आणि गाठ खालीच राहते. एकाच्या जागी चार. करारात मोफत खुरपणी ३० दिवसांची होती, म्हणजे लव्हाळा जोर धरतो तेव्हाच मुदत संपली. यावर साधा उपाय, माती पसरून तीन आठवडे नुसतं पाणी द्यायचं, उगवेल ते गाठीसकट काढायचं आणि मगच लॉन लावायचं. हे तीन आठवडे कामाच्या मुदतीतच धरायला हवेत, नाहीतर ठेकेदार ते कधीच देणार नाही. त्याचंही बरोबर आहे, पुढचं बिल लॉन लागल्यावरच निघतं. खुरपणीची मुदत ९० दिवसांची हवी. शेणखताबद्दल 'पूर्ण कुजलेलं' असा शब्द होता; त्यापेक्षा 'मुठीत दाबल्यावर वास न येणारं, गरम नसलेलं, चाळलेलं' असं लिहिलेलं बरं. कच्च्या खताबरोबर हुमणी (मुळं खाणारी अळी) येते.

झाडांच्या यादीत तीन रकाने होते: नाव, पिशवीचं माप, उंची. उंची कुठून मोजायची ते नव्हतं. २१ इंची पिशवीतलं 'सहा फुटी' झाड पिशवीसकट मोजलं तर लावल्यावर सव्वाचार फूटच दिसतं. तेव्हा 'मातीच्या पातळीपासून' हे दोन शब्द घालाच. नावाचा घोळ याहून मोठा. यादीत नुसतं 'चाफा' लिहिलं तर सोनचाफा, देवचाफा, कवठी चाफा, हिरवा चाफा यांपैकी काहीही आणलं तरी करार पाळला गेला. सोनचाफ्यातही कलमी की रोपाचा ते लिहावं लागतं. कलमी लवकर फुलतो, बियांपासून केलेला कित्येक वर्षं नुसता वाढत राहतो, आणि लावताना नवख्याला दोन्ही सारखेच दिसतात.

मेलेली झाडं बदलून देण्याचं कलम सगळेच घालतात. ते चालतं की नाही हे पाण्यावर ठरतं. इथे वाटणी साधी होती: पाणी टाकीपर्यंत आणणं सोसायटीचं, टाकीतून झाडापर्यंत नेणं ठेकेदाराचं. वॉचमनच्या केबिनमध्ये एक वही ठेवली होती. तारीख, कुठला व्हॉल्व्ह, किती मिनिटं, सही. सलग ४८ तास पाणी नसेल तर त्या काळातली मर ठेकेदाराच्या माथी नाही. एप्रिलमध्ये या दहा रुपयांच्या वहीनं जे काम केलं ते सहा पानांनी केलं नाही.

ठिबकची चाचणी परिशिष्टातली सर्वांत नेटकी गोष्ट. ताशी ४ लिटरचा ड्रिपर १५ मिनिटांत १ लिटर देतो. प्रत्येक १६ मिमी नळीवर पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली डबा ठेवायचा. कुठल्याही डब्यात ९०० मिलीपेक्षा कमी आलं तर काम अपुरं. ताबा घेताना सगळ्या नळ्या पास झाल्या. फेब्रुवारीत शेवटच्या ड्रिपरला निम्मंच पाणी यायला लागलं. एसटीपीचं (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचं) पाणी वापरलं की नळीत बुळबुळीत शेवाळी थर धरतो. डिस्क फिल्टर आठवड्याला धुवायचा आणि नळ्यांची टोकं पंधरवड्याला उघडून पाणी सोडायचं, एवढंच त्याला लागतं. परिशिष्ट 'ब' मध्ये नुसतं 'ठिबक देखभाल' होतं. फिल्टर पंपरूममध्ये, पंपरूमची किल्ली सोसायटीच्या प्लंबरकडे, आणि माळ्याला वाटायचं की हे प्लंबरचं काम.

पोडियमबद्दल एकच, पण ते चुकवू नका. माती टाकण्याआधी ७२ तास पाणी साठवून गळतीची चाचणी, खालच्या पार्किंगच्या छताचे तारखेसह फोटो, दोघांच्या सह्या. एकदा ड्रेन सेल (निचऱ्यासाठीच्या प्लास्टिकच्या जाळ्या) आणि माती पडली की गळती वॉटरप्रूफिंगची की माळ्याच्या पहारीची, हे ब्रह्मदेवही सांगू शकत नाही.

देखभालीत आकडा होता तरी फसला तो लॉन कापणीत. 'महिन्यातून दोनदा' लिहिलं होतं. जुलै-ऑगस्टमध्ये सिलेक्शन नंबर १ हे लॉनचं गवत आठ-दहा दिवसांत गुडघ्याकडे निघतं, जानेवारीत एकदा कापलं तरी पुरतं. माळी पावसाळ्यातही दोनदाच आला आणि वाढलेलं गवत बुडापासून कापलं. पंधरा दिवस लॉन पिवळं. इथे फेऱ्यांऐवजी उंची लिहायला हवी होती: दोन इंचांवर जाऊ द्यायचं नाही, एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त कापायचं नाही.

दंडाचं कलम (दिवसाला ५००) एकदाही वापरलं गेलं नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. न्यायालय देतं ती वाजवी भरपाई. एवढ्यासाठी कोर्टाची पायरी कोण चढतो? गैरहजर दिवसाची थेट वजावट मात्र दर महिन्याला बिनबोभाट झाली. टीडीएस आधीच लिहून ठेवा: एक बिल ३०,००० किंवा वर्षाची बेरीज १ लाखावर गेली की ठेकेदार व्यक्ती असेल तर १ टक्का, फर्म किंवा कंपनी असेल तर २. नाहीतर पहिल्याच बिलाला 'पैसे कापले' म्हणून रुसवा. मोठ्या झाडांची छाटणी करारात धरली असेल तर १९७५ च्या महाराष्ट्राच्या वृक्ष संरक्षण कायद्याखालच्या परवानगीचा अर्ज सोसायटी करणार, हे स्पष्ट हवं. माळ्यानं परस्पर फांदी उतरवली की नोटीस सोसायटीला येते.

नूतनीकरणाच्या मसुद्यात सर्वांत मोठा बदल रिटेन्शनमध्ये, म्हणजे रोखून ठेवलेल्या रकमेत आहे. १० टक्के रक्कम ९० दिवस अडकवलेली होती. जूनच्या लागवडीला ९० दिवस म्हणजे सप्टेंबर, आणि सप्टेंबरमध्ये पुण्यात कुंपणाची काठीसुद्धा हिरवी दिसते. मुळं धरली की नाही ते मार्च-एप्रिलच्या उन्हात कळतं, तोवर पैसे देऊन झालेले. आता ५ टक्के सप्टेंबरला, उरलेले ५ टक्के ३० एप्रिलला. त्यासोबत प्रत्यक्ष टाकलेल्या पाइपलाइनचा नकाशा, सगळे व्हॉल्व्ह क्रमांकासह. तो हातात पडल्याशिवाय दुसरा हप्ता निघणार नाही. आणि पंपरूमची दुसरी किल्ली माळ्याकडे.