स्टुडंट मायक्रोस्कोप रिव्ह्यू: माशांच्या टँकमधल्या वाळूवरचं तपकिरी शेवाळ ओळखायला घेतला

शाळा-कॉलेजच्या लॅबमध्ये असतो ना, एका डोळ्याने बघायचा, तोच साधा मायक्रोस्कोप. खाली 4, 10 आणि 40 च्या लेन्स, वर 10 चा आयपीस, म्हणजे जास्तीत जास्त 400 पट मोठं दिसतं. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला लॅबच्या सामानाची दुकानं आहेत तिथून घेतला, साडेतीन हजार पडले, खोक्यावर अंबालाचा पत्ता आहे. सहा महिने वापरतोय. खाऱ्या पाण्याचा टँक असेल आणि वाळूवर तपकिरी काहीतरी वाढत असेल तर एकही बाटली विकत घेण्याआधी हा घ्या, एवढं मी अगदी कळकळीने सांगतो.

माझा टँक तीन फुटी, 180 लिटरच्या आसपास, दोन इंच अ‍ॅरागोनाइट वाळू, ड्राय रॉक, टँकमध्येच पैदास झालेल्या क्लाउन माशांची जोडी आणि गोगलगायी. कोरल नाहीत, आपल्याकडे 2001 पासून दगडासारखे कठीण कोरल (प्रवाळ) वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत त्यामुळे त्या वाटेला गेलोच नाही. चौथ्या महिन्यात वाळूवर तपकिरी साय धरायला लागली. सगळे म्हणाले डायटम, म्हणजे एक प्रकारचं एकपेशी शेवाळ आहे, नवीन टँकला येतंच, आपोआप जाईल. नाही गेलं. मग मी दर रविवारी सायफन लावून वाळू साफ करायचो, सोबत 20 टक्के पाणी बदलायचो, आणि सोमवारी दुपारपर्यंत परत तेच, उलट आणखी जाड, शेंबडासारखे धागे आणि प्रत्येक धाग्याच्या टोकाला बुडबुडा. फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं खाद्य, जास्त असेल म्हणून फॉस्फेट काढायचं मीडिया टाकलं. तरी नाही. मग एका दुकानदाराने सांगितलं की दादा हे सायनो (सायनोबॅक्टेरिया) आहे, हे औषध टाका, दोन दिवसांत साफ. औषध टाकलं, स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) बंद, एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) चालू, सगळं पाकिटावर लिहिल्याप्रमाणे केलं, आणि आठवड्याभरात पाच गोगलगायी मेल्या, वाळू पूर्ण झाकली गेली आणि खडकावरपण चढायला लागलं. पैशांपेक्षा त्या गोगलगायींचं फार वाईट वाटलं, कारण मी जे जे करत होतो ते त्यांच्या भल्यासाठी म्हणूनच करत होतो.

मुलगी अकरावीत आहे, सायन्सला. ती म्हणाली, "बाबा, हे नक्की काय आहे ते बघितलंय का कोणी?" नव्हतं बघितलं. चार महिने रंगावरून अंदाज चालले होते. त्याच शनिवारी जाऊन मायक्रोस्कोप आणला.

पहिलं सॅम्पल तिनेच लावलं. 100 पटीवर नुसते तपकिरी ठिपके दिसले, पण हलणारे. 400 वर नेलं आणि ती ओरडलीच, "बाबा, फिरतंय हे!" पाण्याच्या थेंबाच्या आकाराच्या पेशी, एका बाजूला टोकदार, आणि त्या टोकाशी कोणीतरी दोरीने बांधल्यासारख्या जागच्या जागी गरगर फिरणाऱ्या. ते ऑस्ट्रिऑप्सिस, म्हणजे डायनोंचा (डायनोफ्लॅजेलेट या एकपेशी जीवांचा) एक प्रकार. ना डायटम, ना सायनो. डायनोंना बॅक्टेरियाचं औषध लागू पडत नाही, सायनो मात्र बॅक्टेरियाच असतात त्यामुळे ते मरतात आणि वाळूवरची जागा डायनोंना मोकळी होते. शिवाय नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर गेलं की बाकीचं शेवाळ उपाशी राहतं आणि डायनोंचं फावतं, आणि माझी दोन्ही टेस्ट शून्य दाखवत होती, ज्याचा मला अभिमान वाटायचा. गोगलगायी का गेल्या तेही तेव्हा समजलं, ऑस्ट्रिऑप्सिस विषारी असतं, खाणाऱ्यालाच बाधतं. टँकमध्ये हात घालताना ग्लव्हज घाला, खरंच.

ओळख पटवायला फार अभ्यास लागत नाही, एकदा बघितलं की विसरत नाही. डायटमला काचेसारखं कवच असतं, बरेचसे होडीच्या आकाराचे, संथ सरकत जातात किंवा हलतच नाहीत. सायनो म्हणजे लांब तंतू, नाण्यांची चळत आडवी ठेवावी तशा एकाला एक चिकटलेल्या पेशी. डायनो स्वतः पोहतात. त्यातही अ‍ॅम्फिडिनियम निघालं तर ते गोलसर अंडाकृती, दोरीशिवाय इकडे तिकडे फिरणारं, आणि हा फरक महत्त्वाचा आहे कारण ऑस्ट्रिऑप्सिस रात्री वाळू सोडून पाण्यात येतं त्यामुळे पाणी ज्याच्यासमोरून फिरवतात तो यूव्ही लाइट त्याला मारू शकतो, अ‍ॅम्फिडिनियम बरंचसं वाळूतच राहतं, तिथे यूव्हीवर पैसे घालवून फारसा उपयोग नाही. हा फरक नुसत्या डोळ्यांनी कळणं शक्यच नाही, दोन्ही तपकिरीच दिसतात.

आता वस्तूबद्दल. 40 ची लेन्स माझ्या अपेक्षेपेक्षा चांगली निघाली, कडेला थोडं अस्पष्ट पण मधे स्वच्छ. खाली आरसा आहे तो संध्याकाळनंतर काही कामाचा नाही, एलईडीवालं मॉडेल चार-पाचशे जास्त देऊन मिळतं तेच घ्या, मी नंतर खाली मोबाईलचा टॉर्च ठेवायला लागलो. फाइन फोकसचा नॉब ढिला आहे, सोडला की किंचित सरकतो, फिरणाऱ्या पेशीचा व्हिडिओ काढताना वैताग येतो. स्लाइड पाचच आल्या, कव्हरस्लिप (थेंबावर ठेवायची पातळ काच) एकही नाही, त्या वेगळ्या घ्याव्या लागल्या. मोबाईल लावायचा क्लॅम्प ऑनलाइन तीनशेला मिळाला, तो मात्र अवश्य घ्या कारण व्हिडिओ असला की दुसऱ्या कोणाला दाखवून खात्री करून घेता येते.

सॅम्पल घेताना ड्रॉपरने फक्त वरची साय ओढायची, वाळूचा कण येऊ द्यायचा नाही. मी एकदा घाई केली, कण कव्हरस्लिपखाली राहिला, 40 ची लेन्स खाली आणली आणि काच तडकली. लेन्स वाचली, थोडक्यात. लाइट लागून तीन-चार तास झाल्यावर घ्या, तेव्हा साय दाट असते.

कळल्यावर काय केलं: पाणी बदलणं बंद, फॉस्फेटचं मीडिया काढलं, खाणं वाढवलं, नायट्रेट डोस करून 5 ते 10 पीपीएमच्या मधे ठेवलं, फॉस्फेट 0.05 पीपीएमच्या वर. तीन दिवस टँक उजेड जाऊ नये म्हणून पूर्ण झाकून ठेवला आणि 18 वॉटचा यूव्ही थेट टँकमधूनच पाणी घेईल असा लावला, सोबत अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन, विष शोषायला. आठवड्यातून दोनदा स्लाइड बघायचो. पहिल्या आठवड्यात गर्दी, दुसऱ्यात पूर्ण स्लाइडवर दहा-बारा, चौथ्यात शोधूनही सापडेना आणि त्यांच्या जागी डायटम आलेले, जे बघून घरात आम्ही दोघं अक्षरशः खूश झालो. काचेवर थोडं हिरवं आलं, ते मी मुद्दाम राहू दिलं. आता वाळू पांढरी आहे आणि मागच्या महिन्यात चार नवीन गोगलगायी सोडल्या, चौघीही फिरतायत.

आणि हो, खाऱ्या पाण्याचा थेंब स्टेजवर सांडला तर तसाच सुकू देऊ नका, क्लिपला लगेच गंज धरतो. आरओचं पाणी लावून कपड्याने पुसा आणि लेन्सला फक्त लेन्स पेपर, टिश्यू नाही.