ट्रान्सप्लांटनंतर मुलाला कुठे न्यायचं: भाड्याची खोली, नातेवाइकांचं घर की गाव?

बोन मॅरो (अस्थिमज्जा) ट्रान्सप्लांटनंतर रक्तपेशींचे काउंट वर आले, पोरगं थोडंथोडं खायला लागलं, की पालक विचारतात, "आता गावी नेलं तर चालेल ना?" घरची ओढ मला समजते. पण दात्याच्या पेशी रुजायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात आणि प्रतिकारशक्ती सावरायला कित्येक महिने. दात्याकडून ट्रान्सप्लांट झालं असेल तर पहिले १०० दिवस फार जपायचे असतात. स्वतःच्याच पेशी परत मिळालेल्या मुलांना बहुतेकदा लवकर घरी सोडतात. पुढचं सगळं दात्याकडून पेशी घेतलेल्या मुलांबद्दल आहे.

समजा, मूल लातूरकडचं आहे आणि ट्रान्सप्लांट नवी मुंबईतल्या खारघरच्या टाटा मेमोरियलच्या कॅन्सर केंद्रात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये झालं.

गावी हाताखाली माणसं असतात, स्वयंपाकघर आपलं असतं, आईला चार तास झोप मिळते. ही बाजू कमी लेखू नका. पण रात्री दोनला ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर? छातीत लाइन (औषधं-रक्तासाठी मोठ्या शिरेत बसवलेली नळी) असलेल्या या मुलाला हा ताप म्हणजे इमर्जन्सी. ट्रान्सप्लांट युनिटला लगेच फोन करायचा, न विचारता पॅरासिटामॉल द्यायचं नाही, कारण त्याने ताप झाकला जातो. रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. लातूरहून खारघर हा रात्रभराचा प्रवास. जवळच्या डॉक्टरांनी अशी लाइन कधी हाताळलेली नसेल, आणि रक्त लागलं तर या मुलांना इरॅडिएटेड (किरणोत्सर्ग देऊन तयार केलेलं) रक्तच द्यावं लागतं, ते सगळीकडे मिळत नाही. म्हणून सुरुवातीच्या तीन महिन्यांत गाव नकोच, असं माझं स्पष्ट मत आहे.

रुग्णालयाजवळच्या खोलीचा मोठा फायदा ओपीडीच्या दिवशी कळतो. सुरुवातीला आठवड्यातून एकदोनदा तरी जावं लागतं. सायक्लोस्पोरिनची (प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची) रक्तातली लेव्हल बघायची असेल त्या दिवशी सकाळचा डोस रक्त दिल्यानंतरच द्यायचा. सवयीने घरीच औषध पाजलं की आकडा चुकीचा येतो. बाटली आणि सिरिंज पिशवीत घ्या, रक्त काढलं की तिथेच द्या. पपनस आणि ग्रेपफ्रूटने या औषधाची लेव्हल चढते, ती फळं बंद. अंगावर लाल पुरळ, पातळ जुलाब किंवा डोळे पिवळे दिसले तर जीव्हीएचडीची (दात्याच्या पेशी मुलाच्याच शरीरावर हल्ला करतात, त्याची) शंका घेऊन त्याच दिवशी दाखवायचं. खोली जवळ असली की "उद्या बघू" म्हणायची वेळ येत नाही.

खोली मात्र बघून घ्या. ओल धरलेली भिंत किंवा शेजारी चाललेलं बांधकाम नको, कारण तिथून बुरशीचा धोका असतो, आणि खारघरला बांधकाम कुठे ना कुठे चालूच असतं. स्वतःचा संडास आणि स्वतःचा ओटा हवाच. पाणी उकळून, अन्न ताजं आणि पूर्ण शिजलेलं. धर्मशाळेत भाडं वाचतं, पण सामायिक स्वयंपाकघर नि संडास या मुलांना चालत नाहीत. लहान मुलांच्या कॅन्सर उपचारांसाठी कुटुंबांना राहायला जागा देणाऱ्या सेंट जूड इंडियासारख्या संस्थांबद्दल समाजसेवा विभागात आधीच विचारा. खर्चाचा हिशेब मांडताना तीन महिन्यांचं भाडंही त्यात धरा.

नातेवाइकांचं घर हा पर्याय लोक फारसा विचार न करता घेतात. काकांचं घर ठाण्याला असेल तर रात्रीचे किलोमीटर मोजू नका, सकाळच्या ट्रॅफिकमधले तास मोजा. स्वतंत्र खोली आहे का? गॅलरीत कबुतरं बसतात का? शाळेत जाणारी भावंडं आहेत का? त्यांच्या वर्गात कांजिण्या निघाल्या तर युनिटला लगेच कळवावं लागतं. पल्स पोलिओच्या रविवारची गोष्ट तर हमखास राहून जाते. तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या थेंबांत जिवंत विषाणू असतो, आणि तो डोस घेतलेल्या मुलाच्या शौचातून बाहेर पडत राहतो. आशाताई दारात येण्याआधीच डॉक्टरांना विचारा, त्या घरातल्या मुलांना इंजेक्शनची पोलिओ लस देता येते. भेटायला येणाऱ्यांना "नको" म्हणायची हिंमत काकूंमध्ये आहे का, हेही बघा. नसेल तर तिथे जाऊ नका.

दोन मोठी माणसं मुलासोबत राहू शकत असतील तर मी खोलीच घ्यायला सांगेन. एकटी आई असेल, तर तासाभरात पोहोचता येणारं, नियम पाळणारं नातेवाइकांचं घर चांगलं. रात्री जागून थकलेल्या एकट्या माणसाकडून औषधं चुकतात. काहीही ठरवलं तरी डिस्चार्जआधीचे काही दिवस सगळी औषधं, ताप मोजणं, लाइनची काळजी सिस्टरांच्या समोर तुम्ही स्वतः करा, आणि घरातल्या दुसऱ्या माणसालाही करायला लावा.

गावी जायची परवानगी मिळाली की तीन गोष्टी हातात घेतल्याशिवाय निघू नका: स्थानिक डॉक्टरांसाठी चिठ्ठी, रात्री उचलला जाणारा फोन नंबर आणि लसींचं नवं वेळापत्रक. ट्रान्सप्लांटनंतर लसी पुन्हा पहिल्यापासून घ्याव्या लागतात, आणि गोवरासारख्या जिवंत लसी साधारण दोन वर्षांनी, तेही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं बंद झाल्यावर.