फायबरची होडी: नवी १४ फुटी की जुनी १८ फुटी?

बजेट ठरलेलं असलं की बहुतेकांपुढे हाच पेच येतो. नवी छोटी होडी हलकी असते. कमी ताकदीच्या आउटबोर्डवर, म्हणजे मागे बाहेरून लटकवायच्या इंजिनावर चालते, पेट्रोल कमी लागतं. शांत पाण्यात गळ टाकायला उत्तम. पण वारा उठला की लाटांवर आपटत राहते, चार जण बसले की काठ पाण्याला टेकायला येतो.

जुनी १८ फुटी, खोल ‘व्ही’ तळाची असेल तर लाट कापत जाते. किनाऱ्याकिनाऱ्याने लांब जायचं तर मला तीच हवी. मात्र पैसे देण्याआधी इंजिन लटकतं ती मागची फळी हातोडीच्या मुठीने ठोकून बघाच. टणक आवाज आला तर बरं. बद्द आला तर आतलं प्लायवूड पाणी पिऊन कुजलेलं असण्याची शक्यता मोठी. मग इंजिन धरून वरखाली हलवा. फळी लवली, तर स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, त्या दुरुस्तीत नवी छोटी परवडली असं वाटेल.

केसासारखे बारीक तडे बहुधा जेलकोटचेच, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत थराचेच असतात. पण एका बिंदूतून चहूकडे फाकलेले दिसले, तर तिथे मार बसलाय. आतून हात फिरवून बघा.